बाळाला बोलतं करणारं गाणं: जन्मापासून पाचव्या वर्षापर्यंत

दीड वर्षाच्या मुलाला सदरा घालताना त्याच्या ओळखीची एक ओळ गा, शेवटचा शब्द, समजा ‘हात’, गाळा आणि त्याच्या तोंडाकडे बघत थांबा. मनात पाचपर्यंत आकडे मोजा. पहिल्या दिवशी ते नुसतं तुमच्या ओठांकडे बघेल. मग कधीतरी हात हलवेल, एखाद्या दिवशी ‘आ’ म्हणेल आणि काही दिवसांनी ‘हा’. भाषेच्या दृष्टीने गाण्याचं सगळ्यात मोलाचं काम त्या पाच सेकंदांत होतं. चाल ओळखीची झाली की मोकळी जागा केव्हा येणार हे मुलाला आधीच कळतं, तोंड उघडायला तयार व्हायला वेळ मिळतो. साध्या बोलण्यात इतकी सवड क्वचितच मिळते. पुढच्या सगळ्या सूचना या मोकळ्या जागेभोवती आहेत: ती कशी तयार करायची, कुठे ठेवायची आणि ती भरून न जाण्यासाठी काय टाळायचं.

आधी कान, मग खोली

गाण्यांच्या आधी श्रवणचाचणी. जन्मानंतर पहिल्या महिन्याच्या आत चाचणी, शंका आल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि गरज असेल तर सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, हा सर्वमान्य क्रम आहे. टाळी वाजवली की दचकतं म्हणजे ऐकू येतं, ही घरगुती परीक्षा फसवी आहे. टाळीचा आवाज मोठा असतो. ‘स’, ‘फ’, ‘थ’ असे हलके ध्वनी नीट ऐकू न येणारं बाळही टाळीला दचकतं.

पहिली चाचणी चांगली आली तरी लक्ष ठेवावं लागतं. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साचून राहतो तेव्हा बहुतेक वेळा दुखत नाही, तापही नसतो. पण पाण्याखालून ऐकल्यासारखा आवाज येतो आणि व्यंजनं पुसट होतात. सर्दी गेल्यावरही मूल हाकेला उशिरा वळत असेल, आवाज वाढवायला लावत असेल किंवा गाण्यात आधी म्हणत असलेले शब्द आता नुसते गुणगुणत असेल, तर कान तपासून घ्या.

मग खोली. गोंगाटात मोठ्या माणसांना बोलणं कळतं, कारण अर्धवट ऐकलेला शब्द ती आपल्या माहितीवरून पुरा करतात. बाळाकडे ही शिदोरी नसते. वर्गांसाठी असा संकेत आहे की शिकवणाऱ्याचा आवाज मागच्या गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबल वर असावा. घरात हे साधायचे दोन उपाय आहेत. पहिला, मागे कुणी बघत नसलेला टीव्ही आणि सतत चालू राहणारं संगीत बंद करायचं. दुसरा, जवळ जायचं. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज बाळाच्या कानाशी सुमारे ६ डेसिबलने वाढतो. त्यामुळे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून मोठ्याने गाण्यापेक्षा हातभर अंतरावरून हळू गाणं कितीतरी स्पष्ट ऐकू येतं.

झोपेसाठी एकसुरी आवाजाचं यंत्र लावत असाल तर ते पाळण्यापासून किमान २ मीटर दूर ठेवा. बाळाच्या कानाशी आवाज ५० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका आणि बाळ झोपल्यावर ते बंद करा. फोनवरचं मोजणारं ॲप अंदाजापुरतं चालतं. गाणारी-बोलणारी खेळणी बाळ थेट कानाला लावतं, म्हणून विकत घेतल्यावर आधी स्वतःच्या कानाला लावून बघा. कर्कश वाटलं तर स्पीकरच्या जाळीवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा.

बाळाचा कान काय वेचतो

गर्भाचा कान साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून काम करू लागतो. आईच्या शरीरातून आणि पाण्यातून जाताना उंच ध्वनी गाळले जातात. पोहोचते ती मुख्यतः बोलण्याची चाल, तिचे चढउतार आणि ठेका. १९८६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मातांनी गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत एक ठरावीक उतारा रोज मोठ्याने वाचला. जन्मानंतर बाळांनी नव्या उताऱ्यापेक्षा तोच ऐकणं पसंत केलं. २००९मध्ये तर नवजात बाळांच्या रडण्यातच भाषेची चाल सापडली: फ्रेंच मातांच्या बाळांचं रडणं चढत जाणारं, जर्मन मातांच्या बाळांचं उतरत जाणारं. म्हणजे भाषेत बाळ शिरतं ते चालीच्या दारातून. शब्द मागाहून येतात.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक प्रयोग १९८४चा आहे. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतले दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ वेगळे ओळखत होती. वर्षाची होता होता त्यांची ही क्षमता जवळजवळ गेली, कारण त्यांच्या कानावर हा फरक पडतच नव्हता. आपल्या बाळाला ‘वात’ आणि ‘वाट’, ‘काल’ आणि ‘काळ’ यांतला फरक टिकवायचा आहे. तो कानावर स्पष्ट पडायला हवा आणि पहिल्या वर्षातच पडायला हवा. म्हणून लाडात येऊन ‘त’ आणि ‘ट’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांची सरमिसळ करू नका. आवाज हवा तितका लाडिक असू दे, उच्चार शुद्ध ठेवा.

बोलण्यात शब्दांच्या मध्ये फटी नसतात, बाळाला एकसंध प्रवाह ऐकू येतो. कोणती अक्षरं नेहमी एकापाठोपाठ येतात यावरून ते शब्द वेगळे करतं. १९९६मधल्या एका प्रयोगात आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन शब्दांचा प्रवाह फक्त दोन मिनिटं ऐकवला; तेवढ्यातही त्यांनी त्यातले शब्द ओळखले. ताल या कामाला मदत करतो, पण एका अटीवर: शब्द जिथे सुरू होतो तिथेच ठोका पडला पाहिजे. चालीत बसवण्यासाठी शब्द मधोमध तोडला तर तोच ताल बाळाची दिशाभूल करतो.

पट्टी आणि लय

आवाज गोड असण्याची गरज नाही. बाळाला हवा असतो ओळखीचा आवाज, त्यातले मोठे चढउतार आणि समोरचा चेहरा. तरी दोन गोष्टी सांभाळा.

पट्टी: तीन ते पाच वर्षांच्या मुलांना सहज गाता येणारा टप्पा लहान असतो, पेटीवर मधल्या सप्तकात साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा. मोठी माणसं सोयीसाठी बरंच खाली गातात, मुलाला तिथे पोहोचता येत नाही आणि ते गाण्याऐवजी बोलू लागतं किंवा गप्प बसतं. बाबांचा आवाज एक सप्तक खाली असतो आणि तो स्वर वरच्या सप्तकात पकडणं लहान मुलाला अवघड जातं. त्यांनी सोबत गाताना हलक्या, वरच्या आवाजात गावं. ऐकवण्यासाठी मात्र भारदस्त आवाजही छान. चाल माहीत नसेल तर दोनच स्वर घ्या, ‘प’ आणि ‘ग’. लांबून हाक मारताना आवाज आपोआप ज्या दोन स्वरांवर उतरतो तेच हे. मुलांना ते फार लवकर जमतात.

लय: नवा शब्द असलेली ओळ सेकंदाला दोन-तीन अक्षरांच्या गतीने गा. अंगाईला घड्याळाच्या सेकंदकाट्याची लय पुरते. टाळ्या किंवा चालण्याच्या खेळात उलट करा: मुलाचा ठेका आधी बघा आणि आपलं गाणं त्यावर बसवा. लहान मुलांची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षा जलद असते. तीन वर्षांच्या मुलाला आपल्या संथ ठेक्यात बांधलं की ते तालात चुकतं असं आपल्याला वाटतं, खरं तर ते स्वतःच्या तालात अचूक असतं.

वयानुसार क्रम

पहिले सहा महिने. चेहरा २० ते ३० सेंटिमीटरवर, कारण नवजात बाळाला तेवढ्याच अंतरावरचं नीट दिसतं. दोन-तीन ओळींचं एकच गाणं, दिवसातून चार-पाच वेळा, लंगोट बदलताना किंवा अंघोळीनंतर. ओळ संपली की थांबा. दुसऱ्या महिन्यापासून बाळ ‘आ’, ‘ऊ’ असे आवाज काढू लागतं. त्या थांब्यात त्याने आवाज काढला तर तोच आवाज, त्याच पट्टीत परत द्या आणि पुन्हा थांबा. बाळाने मान वळवली, जांभई दिली किंवा मुठी आवळल्या तर त्याला आता पुरे झालं आहे.

सहा ते बारा महिने. आता ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू होतं. गाणी अशी निवडा ज्यांत ‘ब’, ‘म’, ‘प’, ‘द’ यांची अक्षरं पुन्हापुन्हा येतात. ओठांवर दिसणारे ध्वनी आधी पकडले जातात. मान धरलेल्या बाळाला मांडीवर बसवून दोन-दोन किंवा तीन-तीन मात्रांवर झुलवा. सात महिन्यांच्या बाळांना ज्या ठेक्यावर झुलवलं तोच ठेका ती नंतर ऐकण्यात ओळखतात, हे २००५मध्ये दिसून आलं. ताल अंगातून कानात जातो. झुलवणं हळुवार असावं, हिसके देऊ नयेत. २०१६मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांबरोबर तीन मात्रांच्या संगीतावर ठेका धरत खेळण्याची १५ मिनिटांची १२ सत्रं झाली. नंतर संगीताच्याच नव्हे, बोलण्याच्याही ठेक्यात झालेला बदल त्या बाळांच्या मेंदूने इतर बाळांपेक्षा जास्त टिपला. त्या सत्रांमध्ये आईवडील सोबत बसून ठेका धरत होते, हे विसरू नये.

एक ते दोन वर्षं. मोकळ्या जागेचा खरा हंगाम हाच, म्हणून इथे जरा थांबू. कपडे घालतानाची ही ओळ घ्या:

हात कुठे गेला? बाहीत गेला!
बाहीतून बाहेर कोण आला? … हात!

पहिले तीन-चार दिवस पूर्ण गा. ‘हात’ म्हणताना हात बाहीतून बाहेर यायलाच हवा. आधी नको, नंतरही नको. शब्द आणि वस्तू एकाच क्षणी आली की गाठ पक्की बसते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ‘कोण आला?’नंतर थांबा, भुवया उंचावा आणि पाच सेकंद वाट बघा. काहीच आलं नाही तर नुसता ‘हा…’ म्हणून पुन्हा तीन सेकंद थांबा. तरीही नाही आलं तर हसत स्वतः म्हणा आणि पुढे चला. मुलाने बोट दाखवलं, हात हलवला, नुसता ‘आ’ काढला, हे सगळं उत्तरच आहे. ‘म्हण, म्हण, हात म्हण’ असा तगादा लावला की खेळाची परीक्षा होते आणि मूल तोंड फिरवतं.

गाळलेला शब्द नेहमी ओळीच्या शेवटी असावा. मधला शब्द गाळला तर मुलाला तो आठवेपर्यंत चाल पुढे गेलेली असते. शिवाय शेवटचा शब्द कानात जास्त वेळ राहतो.

हात जमला की शब्द बदला:

टाच कुठे गेली? मोज्यात गेली!
डोकं कुठे गेलं? सदऱ्यात गेलं!

आता चाल तीच राहून ‘गेला’, ‘गेली’, ‘गेलं’ होतं आहे. मराठीत नामाचं लिंग क्रियापदाला चिकटतं आणि त्याला सोपा नियम नाही, कानाला सवय लागूनच ते येतं. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त तेवढाच शेवट बदलणारं गाणं या सवयीला जितकी मदत करतं तितकी मदत दिवसभरातल्या सुट्या वाक्यांतून मिळत नाही. मात्र एका वेळी एकच शब्द बदला. हात, टाच, डोकं एकाच दिवशी आणलीत तर मुलाला चाल नवी वाटते आणि थांबा कुठे येणार हा अंदाजच जातो.

दोन ते तीन वर्षं. आता मूल अख्खं गाणं म्हणू लागतं आणि इथेच एक फसगत होते. गाण्यातली ओळ मुलाच्या डोक्यात कधीकधी एकच लांबलचक शब्द म्हणून बसलेली असते. टाचेचं गाणं म्हणणाऱ्या मुलाला ‘तुझी टाच दाखव’ म्हटलं की ते गोंधळून बघतं. म्हणून प्रत्येक गाण्याचा शब्द बोलण्यात उतरवायचा. आधी चालीत गा. मग चाल सोडून तोच ठेका धरून म्हणा. मग साध्या वाक्यात, योग्य प्रसंगी वापरा: ‘टाचेला साबण लावूया.’ शेवटी गाण्याबाहेर प्रश्न विचारा. ही शेवटची पायरी गाठली नाही तर मुलाकडे पाठांतर राहतं, शब्दसंपत्ती वाढत नाही.

याच वयात थांबण्या-सुरू होण्याचे खेळ आणा: डबा वाजतोय तोवर चालायचं, थांबला की पुतळा. ‘हळू’, ‘जोरात’, ‘लवकर’, ‘सावकाश’ हे शब्द अंगाने कळतात. घरी खुळखुळा करणार असाल तर झाकण गोंदाने पक्कं चिकटवा. सुमारे ४ सेंटिमीटरपेक्षा लहान कोणतीही वस्तू या वयात घशात अडकू शकते.

तीन ते पाच वर्षं: टाळ्या, यमक, पहिला ध्वनी

पुढे वाचायला शिकताना लागणारा कान इथे तयार होतो. यमक ओळखता येणारी मुलं पुढे वाचन आणि शुद्धलेखन सहज उचलतात हे १९८३मध्येच दाखवून दिलं गेलं आहे. क्रम हाच ठेवा: आधी शब्दाचे तुकडे, मग यमक, शेवटी पहिला ध्वनी.

तुकड्यांसाठी प्रत्येक तुकड्याला एक टाळी. इथे मोठी माणसं हमखास चुकतात, कारण ती लिहिलेली अक्षरं मोजतात. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरं, पण तोंडातून एकच तुकडा येतो, म्हणून टाळी एक. ‘कमळ’ला दोन: क-मळ. ‘खिडकी’ला दोन: खिड-की. ‘दरवाजा’ला तीन: दर-वा-जा. मुलाने ‘घर’ला एकच टाळी वाजवली तर त्याचा कान बरोबर आहे, त्याला दुसरी टाळी वाजवायला लावू नका. शंका आली तर हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणा. हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितके तुकडे. सुरुवात ‘पाणी’, ‘टोपी’, ‘गाडी’ अशा स्वच्छ दोन तुकड्यांच्या शब्दांनी करा, ‘दरवाजा’ पुढे.

यमकाच्या खेळात ‘पानसारखा शब्द सांग’ म्हटलं की मूल ‘फूल’ म्हणतं. त्याने अर्थ जुळवला, आपल्याला ध्वनी हवा होता. प्रश्न बदला: दोन शब्द शेवट लांबवून म्हणा, ‘पाऽन, काऽन’, मग ‘पाऽन, डोऽळा’ आणि कुठली जोडी सारखी वाजते ते विचारा. ओळखणं जमलं की सांगायला लावा. ‘पान, कान, टान’ असा अर्थहीन शब्द आला तर आनंद माना. नियम कळल्याशिवाय असा शब्द तयार करता येत नाही.

पहिला ध्वनी चौथ्या-पाचव्या वर्षी. ‘गाडी’ आणि ‘काडी’ यांत काय बदललं? ‘पाट’ आणि ‘बाट’? हा खेळ ध्वनींचा ठेवा, पाटीवरच्या अक्षरांचा नको. ‘चाक’ आणि ‘चार’ यांची सुरुवात लिहिताना एकच, उच्चारताना वेगळी. मूल ‘हे सारखे नाहीत’ म्हणालं तर त्याला शाबासकी द्या.

स्वतःचं गाणं बांधताना

रोज होणारी एक कृती निवडा: हात धुणं, जिना चढणं, खेळणी आवरणं. एकच शब्द शिकवायचा ठरवा आणि तो ओळीच्या शेवटी ठेवा. ओळ चार ते सहा शब्दांची. एका तुकड्याला एक स्वर; ताना-मुरक्यांत व्यंजन हरवतं. ऱ्हस्व-दीर्घ चालीसाठी उलटवू नका. ‘दिन’ला ‘दीन’ केलं की अर्थच बदलतो. गाणं तयार झालं की एकदा चाल सोडून नुसतं बोलून बघा. बोलताना जिथे जोर येतो तिथेच ठोका पडतोय ना? नसेल तर शब्द बदला, चाल तीच राहू द्या.

एका वेळी पाच-सहा गाणी पुरतात. तीच दोन-तीन आठवडे. मोठ्यांना कंटाळा येतो तेव्हा मुलाला ती नुकती हाती लागत असतात. दिवसभरात मिळून १० ते १५ मिनिटं, दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत.

मूल शब्द चुकीचा म्हणालं, ‘बाहीत गेला’ऐवजी ‘बाईत गेया’, तर अडवू नका. ओळ स्वतः पुन्हा बरोबर गा, चुकलेला ध्वनी किंचित लांबवून. ‘र’ आणि ‘ळ’ उशिरा स्थिरावतात.

ध्वनिमुद्रित गाणी आणि पडदा

२००३मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन चिनी ऐकवली गेली. समोर बसून खेळणाऱ्या व्यक्तीकडून १२ सत्रांत बाळांनी त्या भाषेतले ध्वनी वेगळे करायला शिकून घेतलं. तीच सामग्री पडद्यावरून किंवा नुसत्या ध्वनिमुद्रणातून मिळालेल्या बाळांनी काहीच शिकलं नाही. कारण सरळ आहे, यंत्र बाळासाठी थांबत नाही आणि त्याच्या आवाजाला उत्तरही देत नाही. शास्त्रीय संगीत लावल्याने बाळ हुशार होतं हा समज १९९३च्या ज्या प्रयोगावरून पसरला, तो ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होता आणि दिसलेला परिणाम पंधरा मिनिटांत ओसरला होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आत बसून पडदा बघणं नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. ध्वनिमुद्रित गाणं वापरायचंच तर आधी तुम्ही ते शिका, मग यंत्र बंद करून मुलासमोर गा.

घरात दोन भाषा असतील तर ज्याची जी भाषा मनापासून येते तिच्यात त्याने गावं. त्यामुळे बोलणं खोळंबत नाही. शब्द मोजताना मात्र दोन्ही भाषांतले मिळून मोजा.

तज्ज्ञाकडे कधी

वर्षाचं होईपर्यंत ‘बाबाबा’सारखी बडबड नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतः जोडलेले दोन शब्द नाहीत, किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द गेले, तर वाट बघू नका. श्रवणतज्ज्ञ आणि वाक्‌-भाषा उपचारतज्ज्ञ दोघांना भेटा. गाणी पाठ म्हणतं, मग बोलेलच, या भरवशावर महिने जाऊ देऊ नका. पाठ गाणी म्हणणारं पण स्वतःच्या गरजेसाठी शब्द न वापरणारं मूल तपासायलाच हवं. जाताना घरी गायलेल्या गाण्यांची यादी आणि त्या पाच सेकंदांच्या थांब्यात मूल काय करतं याची दोन-तीन आठवड्यांची नोंद सोबत न्या: बघतं, हलतं, आवाज काढतं, की काहीच नाही. तपासणीच्या अनोळखी खोलीत मूल बहुधा गप्प बसतं, तिथे ही नोंद फार उपयोगी पडते.